जुलैतलं पदग्रहण आणि दोन थेंब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर.

आजचा विषय सांगितला की तुमच्यातले निम्मे जण पुढचा एपिसोड लावतील, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच विनंती, पाच मिनिटं थांबा. विषय आहे गावातल्या क्लबच्या बातम्या.

हो, त्याच. पेपरच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. 'क्लबच्या अध्यक्षपदी अमुक, सचिवपदी तमुक, पदग्रहण सोहळा उत्साहात.' फोटोत नऊ-दहा माणसं, शाल, श्रीफळ, अध्यक्षांच्या गळ्यात पदकांची कॉलर. मग वर्षभर तेच: रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, नेत्रतपासणी, वह्यावाटप. आणि मोठ्ठा थर्माकोलचा चेक. फॅमिली ग्रुपवर काका तो फोटो टाकतात, आपण अंगठा देतो आणि पुढे जातो.

मला या बातम्यांबद्दल तीन साधे प्रश्न पडले. एक, हे पदग्रहण कायम जुलैच्या आसपासच का असतं? दोन, अध्यक्ष कितीही चांगला असला तरी वर्षभरात बदलतोच, असं का? तीन, रोटरी म्हटलं की पोलिओ आणि लायन्स म्हटलं की डोळे, हे कोणी ठरवलं?

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. रोटरी आणि लायन्स दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलो, तर एक अख्खी गोष्ट हाताला लागली. आज मुख्यतः रोटरीबद्दल बोलू, कारण तिची गोष्ट शेवटी थेट आपल्या डाव्या हाताच्या करंगळीपर्यंत येते. करंगळी का, ते कळेलच.

शिकागो, खोली नंबर ७११

सन १९०५. अमेरिकेतलं शिकागो. वेडंवाकडं वाढणारं शहर. रेल्वे, कत्तलखाने, कारखाने, आणि रोज गाडीतून उतरणारी हजारो नवीन माणसं. त्यातलाच एक वकील, पॉल हॅरिस. वाढला होता व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड नावाच्या लहान गावात, आजी-आजोबांकडे. गावात सगळे सगळ्यांना ओळखायचे. शिकागोत तो १८९६ ला आला, वकिली सुरू केली, अशिलं मिळाली, पण रविवारी बोलायला कोणी नाही.

हिंजवडीत किंवा खराडीत फ्लॅट शेअर करून राहणाऱ्या लातूर-परभणीच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कामाच्या ओळखी भरपूर असतात. पण बरं नसलं तर फोन कोणाला करायचा, याचं उत्तर पटकन सुचत नाही.

२३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी युनिटी बिल्डिंग नावाच्या इमारतीत, खोली नंबर ७११ मध्ये चार जण भेटले. हॅरिस वकील. सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी. हायरम शोरे शिंपीकामाचा व्यवसाय करणारा. आणि गस्टेव्हस लोअर खाणकाम इंजिनियर, ही खोली त्याचंच ऑफिस. पुढची बैठक दुसऱ्याच्या ऑफिसात, त्यापुढची तिसऱ्याच्या. अशी पाळीपाळीने जागा फिरायची, रोटेट व्हायची, म्हणून नाव पडलं रोटरी. जागा फिरते, तसं पदही फिरतं. अध्यक्ष दर वर्षी बदलण्यामागे हीच सवय आहे. खुर्ची कोणाच्या मालकीची होऊ नये.

अजून एक नियम होता आणि तो महत्त्वाचा आहे. एका धंद्याचा एकच माणूस. वकील एक, शिंपी एक, छपाईवाला एक, कोळशावाला एक. का? कारण दोन शिंपी आले की स्पर्धा आली, आणि स्पर्धा आली की मैत्री संपली. हा नियम डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

सेवा नंतर आली

आता गंमत ऐका. या पहिल्या क्लबमध्ये समाजसेवा नव्हतीच.

जानेवारी १९०६ मध्ये त्यांनी नियम लिहून काढले, त्यात उद्देश दोन होते. पहिला, सदस्यांचा धंदा वाढवणे. दुसरा, आपसातला स्नेह वाढवणे. संपलं. इतकंच काय, क्लबमध्ये 'स्टॅटिस्टिशियन' नावाचं पद होतं. कोणी कोणाला किती गिऱ्हाईक दिलं, याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. आजच्या भाषेत सांगायचं तर हे सरळसरळ बिझनेस नेटवर्किंग होतं. तू माझ्याकडे सूट शिव, मी तुझ्याकडून कोळसा घेतो.

मग त्याच वर्षी एक प्रसंग घडला. डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला सदस्य होण्याचं आमंत्रण दिलं गेलं. त्याने उद्देश वाचले आणि नकार दिला. त्याचं म्हणणं असं की जो क्लब फक्त आपल्या सदस्यांचं भलं बघतो, बाहेरच्या कोणासाठीच काही करत नाही, त्याला भविष्य नाही. दुसरीकडे असतं तर 'नको तर नको' म्हणून विषय संपला असता. इथे त्यालाच सांगितलं गेलं की मग तूच सुधार. आणि नियमांत तिसरा उद्देश आला: शिकागो शहराचं हित.

म्हणजे या सेवाभावी चळवळीत सेवा हे नंतर जोडलेलं फीचर आहे. एका न झालेल्या सदस्याच्या तक्रारीतून आलेलं. मला ही गोष्ट आवडते, कारण आपल्याला वाटतं की चांगल्या संस्था चांगल्या हेतूनेच जन्मतात. काही संस्था स्वार्थाने जन्मतात आणि कोणीतरी टोकल्यावर सुधारतात. टोकणाऱ्याला आत घेतलं, हे त्यातलं खरं शहाणपण.

पहिला प्रकल्प: संडास

तिसरा उद्देश लिहिला, आता काहीतरी करायला हवं. १९०७ मध्ये क्लबने जे पहिलं सार्वजनिक काम हातात घेतलं, ते होतं शिकागोत सार्वजनिक शौचालयं बांधून घेण्याचं.

ऐकायला साधं वाटतं, पण विरोध झाला. कोणी केला? दारू बनवणाऱ्यांच्या संघटनेने आणि मोठ्या दुकानांनी. कारण रस्त्यावरच्या माणसाला गरज पडली की तो एकतर गुत्त्यात शिरायचा, नाहीतर दुकानात. शिरला की बहुधा काहीतरी घेऊनच बाहेर पडायचा. फुकटचं शौचालय म्हणजे गिऱ्हाईक गेलं. आणि बायकांनी काय करायचं? दुकानात जायचं, नाहीतर घरी पोचेपर्यंत थांबायचं. आपल्याकडे हायवेवर आजही बायकांच्या बाबतीत हा प्रश्न सुटलेला नाही, हे आपण सगळे जाणतो.

क्लबने इतर संघटनांना आणि शहराच्या प्रशासनाला एकत्र आणलं, पाठपुरावा केला आणि ते काम झालं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. क्लबने स्वतःच्या खिशातून इमारत बांधून वर नावाची पाटी नाही लावली. शहराने करायचं काम शहराकडून करून घेतलं. ही पद्धत पुढे फार मोठ्या पातळीवर वापरली गेली.

त्याच वर्षी, पुण्यात

आता शिकागोतून थेट पुण्यात येऊ, कारण वर्ष तेच आहे. १२ जून १९०५. शिकागोच्या त्या बैठकीनंतर चार महिन्यांच्या आत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी.

दोन्ही ठिकाणी मूठभर माणसं. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. आणि दोघांची कल्पना अगदी उलट टोकाची. गोखल्यांच्या संस्थेत यायचं तर आयुष्यच द्यायचं. सदस्याने शपथ घ्यायची, संस्था देईल त्या मानधनात घर चालवायचं, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, काही वर्षं शिक्षण घ्यायचं आणि मग देशभर काम करायचं. गोखल्यांना सेवेचा फुलटाइमर हवा होता. हॅरिसच्या क्लबमध्ये आठवड्याचा तासभर द्यायचा, बाकी वेळ आपला धंदा करायचा.

गोखल्यांच्या पद्धतीतून मोठी माणसं उभी राहिली. नारायण मल्हार जोशी त्यांपैकी एक. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली, आणि १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. गोपाळ कृष्ण देवधर दुसरे. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनामागे त्यांचे कष्ट होते. पण अशी माणसं मोजकीच मिळतात. आयुष्य देणारे हजारात एक, तास देणारे पन्नास.

म्हणून तासभराचा क्लब भराभर पसरला. १९१० मध्ये अमेरिकेतल्या क्लबांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना केली तेव्हा क्लब होते १६. दोनच वर्षांत कॅनडातल्या विनिपेगचा क्लब आला आणि चळवळ देशाबाहेर गेली. भारतात १९२० मध्ये कोलकात्याच्या क्लबला मान्यता मिळाली, मुंबईत क्लब आला १९२९ मध्ये. सुरुवातीला त्यात गोऱ्या साहेबांचा आणि बड्या व्यापाऱ्यांचाच भरणा. पण १९६२ मध्ये त्याच कोलकात्याचे नितीश लाहिरी जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले.

मध्येच लायन्सचंही सांगून टाकतो. तेही शिकागोचंच अपत्य, १९१७ चं. विमा व्यवसायातले मेल्विन जोन्स त्याचे संस्थापक. आणि डोळ्यांचं काय? १९२५ मध्ये ओहायो राज्यात लायन्सचं अधिवेशन होतं, तिथे हेलन केलर बोलल्या. अंधत्वाविरुद्धचं काम तुम्ही अंगावर घ्या, असं आवाहन त्यांनी केलं. तुमच्या तालुक्यातल्या मोतीबिंदू शिबिराचा धागा तिथपर्यंत जातो. झाला तिसऱ्या प्रश्नाचा अर्धा भाग.

दार कोणासाठी बंद होतं

आता जरा कडू भाग. चांगलं चांगलं सांगून एपिसोड संपवला तर तो इतिहास नाही, क्लबचं माहितीपत्रक होईल.

एका धंद्याचा एक माणूस, असं मी मघाशी म्हणालो. त्यात 'माणूस' म्हणजे पुरुष. बायकांना सदस्यत्व नव्हतंच. सदस्यांच्या बायका शिबिरं भरवायच्या, पैसे गोळा करायच्या, पण सभासद नाही. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटेरियनांच्या बायकांचा वेगळा क्लब काढला, इनर व्हील. आपल्याकडेही गावोगाव इनर व्हील आहे आणि चांगलं काम करतं. पण तो वेगळा का काढावा लागला, हे विसरू नये.

१९७० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे नावाच्या लहान गावातल्या क्लबला सदस्य कमी पडत होते. त्यांनी तीन बायकांना सदस्य करून घेतलं. मुख्यालयाने १९७८ मध्ये अख्ख्या क्लबचीच मान्यता काढून घेतली. डुआर्टेवाले मात्र भेटत राहिले. आपल्या बोधचिन्हावर फुली मारून ते स्वतःला 'माजी रोटरी क्लब' म्हणवू लागले. प्रकरण कोर्टात गेलं आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, सात विरुद्ध शून्य. लिंगाच्या कारणावरून बायकांना बाहेर ठेवता येणार नाही. १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. संघटनेच्या सर्वोच्च पदावर पहिली स्त्री, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, बसल्या २०२२ मध्ये. म्हणजे ११७ वर्षांनी.

हा भाग इथे का सांगितला? कारण नेमक्या याच वर्षांत हा पुरुषांचा क्लब एका अशा कामाला हात घालत होता, जे बायकांशिवाय एक दिवसही चालणार नव्हतं.

दोन थेंब

२९ सप्टेंबर १९७९. फिलिपिन्समधल्या मकाती शहरात रोटरीने पोलिओ लसीकरणाची मोहीम सुरू केली. उद्दिष्ट सुमारे ६० लाख मुलं. काम जमतंय असं दिसलं आणि १९८५ मध्ये रोटरीने जाहीर केलं की जगातल्या सगळ्या मुलांपर्यंत ही लस न्यायची. कार्यक्रमाचं नाव पोलिओप्लस. १२ कोटी डॉलर गोळा करायचे ठरले होते. जगभरच्या क्लबांनी तीन वर्षांत जमवले सुमारे २४ कोटी ७० लाख.

हे पैसे आले कुठून? जेवणावळी, लॉटऱ्या, सायकल फेऱ्या, संगीत रजनी. म्हणजे त्याच सगळ्या गोष्टी, ज्यांचे फोटो बघून आपण अंगठा देतो.

१९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा १२५ देशांत पोलिओ होता आणि वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. मोहिमेत जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र आणि रोटरी. या चौघांत तीन मोठ्या सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय यंत्रणा आणि चौथा एक क्लब. बिल गेट्स यांचं फाउंडेशन वगैरे नंतर आलं.

भारतात राष्ट्रीय पल्स पोलिओ सुरू झालं डिसेंबर १९९५ मध्ये. 'पल्स' म्हणजे एकाच दिवशी, सगळ्यांना, एकदम. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना एकाच वेळी थेंब दिले की विषाणूला राहायला घर मिळत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले विषाणूतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन ही पद्धत आधीपासून मांडत होते.

आता याचं लॉजिस्टिक्स बघा. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी मुलं आणि २० लाखांहून जास्त लस देणारे. लस गरम झाली की वाया, म्हणून बर्फाच्या पॅकसह डबे. कुपीवर एक छोटा चौकोन, उष्णता लागली की त्याचा रंग बदलतो. रंग बदलला की कुपी फेकायची. थेंब दिले की मुलाच्या डाव्या करंगळीला शाई. घरातली सगळी मुलं झाली की भिंतीवर खडूने 'पी', कोणी राहिलं की फुली, म्हणजे त्या घरी पुन्हा जायचं. बस स्टँड, रेल्वे स्टेशन, वीटभट्टी, बांधकामाची साईट, आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या, सगळीकडे फिरती पथकं. ॲप नाही, जीपीएस नाही. खडू, शाई आणि कागद.

इथे तो जुना नियम कामाला आला. एका धंद्याचा एक माणूस. कल्पना करा, तालुक्याच्या एखाद्या क्लबमध्ये एक डॉक्टर आहे, एक छपाईवाला, एक ट्रान्सपोर्टवाला, एक बर्फाच्या कारखान्याचा मालक, एक शाळेचा मुख्याध्यापक, एक मंडप डेकोरेशनवाला. १९०५ मध्ये भांडण टाळण्यासाठी केलेला नियम. पण लसीकरणाच्या रविवारी बूथ उभा करायला नेमकी हीच माणसं लागतात. बॅनर, गाडी, बर्फ, वर्गखोली, तंबू. सगळे एका मीटिंगमध्ये, एका टेबलावर.

सोपं नव्हतं

२००१ मध्ये भारतात पोलिओचे रुग्ण २६८ पर्यंत खाली आले. वाटलं, झालंच. मोहिमेचा जोर कमी केला गेला. पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, आकडा गेला १,६०० वर.

पोलिओ अडकून बसला होता पश्चिम उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये. दाट वस्ती, उघडी गटारं, मुलांना सततचे जुलाब. पोट बिघडलेलं असलं की तोंडाने दिलेली लस नीट लागत नाही, त्यामुळे काही मुलांना दहापेक्षा जास्त वेळा थेंब द्यावे लागले. त्यात अफवा. थेंब घेतले की मूल पुढे नपुंसक होतं, हे आमची लोकसंख्या कमी करायचं कारस्थान आहे. आत्ताच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डच्या आधीचे फॉरवर्ड, तोंडी चालणारे.

पण लोकांचा एक प्रश्न अफवेचा नव्हता, रास्त होता. आमच्याकडे नळाला पाणी नाही, तापाला डॉक्टर नाही, रस्ता नाही. मग हे एवढे दोन थेंब घेऊनच सरकार दर महिन्याला दारात का येतं?

याला भाषणाने उत्तर देता येत नाही. तिथे काम झालं ते दोन गोष्टींनी. एक, रोटरीने उत्तर प्रदेशात मुस्लिम उलेमांची समिती उभी केली. लोकांचा ज्यांच्यावर विश्वास होता, त्यांनीच पुढे येऊन थेंबांबद्दल सांगितलं. दोन, आरोग्य शिबिरं. ताप, खोकला, जुलाब, सगळ्यावर तपासणी आणि औषध. 'मोफत आरोग्य तपासणी शिबिर' ही पेपरातली सगळ्यात कंटाळवाणी बातमी. पण त्या वस्त्यांमध्ये तिचा अर्थ होता, आम्ही फक्त थेंबांपुरते आलेलो नाही. विश्वास असा, हप्त्याहप्त्याने मिळतो.

सरकारने आणि जागतिक आरोग्य संघटनेने उत्तर प्रदेश आणि बिहारमधले १०७ सगळ्यात धोक्याचे तालुके, म्हणजे तिकडचे ब्लॉक, वेगळे काढून तिथे जोर लावला. २०१० मध्ये नवीन, दोन प्रकारच्या विषाणूंवर चालणारी लस आली. आणि आकडे पडले. २००९ मध्ये ७४१, म्हणजे जगातले जवळपास निम्मे. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एक.

तो एक रुग्ण म्हणजे पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी, तारीख १३ जानेवारी २०११. त्यानंतर नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशियातले ११ देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

मग हे केलं कोणी?

क्लबच्या कार्यक्रमांत कधीकधी वाक्य ऐकू येतं, 'रोटरीने भारतातून पोलिओ घालवला.' नाही. हे वाक्य बरोबर नाही. भारतातल्या मोहिमेचा बहुतेक खर्च भारत सरकारने केला, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. आणि दारोदार गेल्या त्या अंगणवाडी सेविका, आशा ताई, परिचारिका. तुटपुंज्या मानधनावर, उन्हात, खांद्याला डबा अडकवून. ज्या घरात परका पुरुष उंबरा ओलांडू शकत नव्हता, तिथे बाईच आत जाऊन बाळाच्या तोंडात थेंब घालू शकत होती. १९८५ मध्ये ज्या क्लबने जगाला हे वचन दिलं, त्याच्या दारातून तेव्हा बाई आत जाऊ शकत नव्हती. आणि ते वचन पाळलं गेलं बायकांच्या पायांवर.

पण 'क्लबने काय केलं, फक्त फोटो काढले' हे वाक्यही तितकंच चूक आहे. सरकारं बदलतात, मंत्री बदलतात, बजेटमधली प्राथमिकता बदलते. २००० पर्यंत पोलिओ संपवायचा होता, ते जमलं नाही. तेव्हा विषय सोडून देणं सगळ्यात सोपं होतं. तो सुटला नाही, याचं एक कारण हे की जगभरच्या हजारो गावांत दर आठवड्याला काही माणसं जेवणाच्या टेबलावर तोच विषय काढत होती. दर जुलैला नवीन अध्यक्ष येत होता आणि जुन्याचं काम पुढे नेत होता. चुकलं तर परत, राहिलं तर परत. आपल्या भाषेत, कोणीही न बघता वर्षानुवर्षं चालणारा क्रॉन जॉब. त्यात हीरो कोणी नसतो. तो बंद पडला की मगच कळतं की तो चालू होता.

शिवाय शिकागोच्या शौचालयाची पद्धत आठवा. सरकारचं काम सरकारकडून करून घ्यायचं आणि ते होईपर्यंत मागे लागायचं. पोलिओत क्लबचं मोठं काम पैशाइतकंच हे मागे लागण्याचं होतं.

माझं मत विचाराल तर गोखल्यांचा मार्ग आणि हॅरिसचा मार्ग, दोन्ही इथे एकत्र आले. आयुष्यभर हेच काम करणारे डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि सेविका एका बाजूला. आठवड्याचा तास देणारे दुकानदार दुसऱ्या बाजूला. एकाशिवाय दुसऱ्याला जमलं नसतं. फक्त फोटोत दुसरेच जास्त दिसतात, ही तक्रार रास्त आहे. क्लबवाल्यांपैकी कोणी ऐकत असेल तर यंदाच्या पदग्रहणात आपल्या वॉर्डातल्या आशा ताईंना सत्कारापुरतं नाही, सदस्य म्हणून बोलवून बघा.

आणि विषय संपलेला नाही. नैसर्गिक पोलिओ विषाणूचे तीन प्रकार होते. दुसरा प्रकार संपल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, तिसरा २०१९ मध्ये. पहिला अजून अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात तग धरून आहे. पाकिस्तानात लस देणाऱ्या बायकांवर आणि त्यांच्या सोबतच्या पोलिसांवर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत, तरी पथकं पुन्हा बाहेर पडतात. विषाणू शेजारी आहे, म्हणून आपल्याकडे पल्स पोलिओ अजून चालू आहे.

तुम्ही कॉलेजात असाल तर तुमच्याकडे कदाचित रोटरॅक्ट असेल, १९६८ मध्ये सुरू झालेली तरुणांची शाखा. त्यात जा असं मी सांगत नाही. कुठल्याच क्लबात जायची सक्ती नाही. पण पुढच्या पल्स पोलिओच्या रविवारी तुमच्या चौकातल्या बूथवर दोन ताई आणि एक निळा डबा दिसेल. मुलांची यादी करायला, रांग लावायला, ज्या घरातून कोणी आलं नाही तिथे सोबत जायला माणूस कमीच पडतो. जाऊन विचारा, काय मदत हवी. तासभर पुरतो.

आणि काकांनी पदग्रहणाचा फोटो टाकला, तर या वेळी अंगठ्याऐवजी एक प्रश्न टाका: काका, यंदा काय पूर्ण करायचं ठरलंय? मग पुढच्या जूनमध्ये पुन्हा विचारा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावातल्या क्लबने, मंडळाने, महिला गटाने केलेलं एखादं चिवट, न गाजलेलं काम माहीत असेल तर मला नक्की कळवा, पुढच्या एखाद्या भागात सांगू. भेटू पुढच्या आठवड्यात.